शेश्को की ग्योकेरेस : आर्सेनलच्या समर्थकांचा २०२५ चा वाद

युरोपातील बहुतेक देशांत फुटबॉलचा मोसम मे महिन्यात संपतो आणि ऑगस्टमध्ये नव्याने सुरू होतो. मधल्या काळात मैदाने मोकळी असली तरी समर्थकांना उसंत नसते, कारण खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची अधिकृत मुदत, म्हणजे उन्हाळी ट्रान्सफर विंडो, याच काळात खुली असते. २०२५ च्या उन्हाळ्यात उत्तर लंडनमधील आर्सेनल या क्लबचे जगभरचे समर्थक एका प्रश्नावरून दोन गटांत विभागले गेले होते. क्लबने जर्मनीतील लाइपझिगकडून खेळणारा स्लोव्हेनियाचा बेन्यामिन शेश्को घ्यावा, की लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबचा स्वीडिश खेळाडू व्हिक्टर ग्योकेरेस घ्यावा, हा तो प्रश्न. वरवर पाहता हा दोन खेळाडूंमधील निवडीचा वाद होता, परंतु त्याच्या मुळाशी संघाने कसे खेळावे आणि विजेतेपदासाठी आणखी किती थांबावे याविषयीचे दोन वेगळे दृष्टिकोन होते, आणि म्हणूनच तो समजून घेण्याजोगा आहे.

दोघेही स्ट्रायकर. आघाडीच्या फळीत प्रतिस्पर्ध्याच्या गोलजाळ्याच्या सर्वांत जवळ खेळणाऱ्या आणि गोल करणे हेच ज्याचे मुख्य काम असते अशा खेळाडूला स्ट्रायकर म्हणतात. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या भारतीय वाचकाने येथे एक फरक ध्यानात घ्यावा : फुटबॉलमध्ये लिलाव नसतो, तर ज्या क्लबशी खेळाडू करारबद्ध आहे त्याच्याशी रकमेची बोलणी करावी लागतात आणि खेळाडूशी वेतनाची बोलणी त्याखेरीज स्वतंत्रपणे व्हावी लागतात. ही बोलणी आठवडेच्या आठवडे चालतात, पूर्ण होतील याची शाश्वती नसते, आणि समर्थकांच्या वादाला अवधी मिळतो तो याच अनिश्चिततेमुळे.

आर्सेनलच्या बाबतीत या वादाला विशेष धार होती. २००३-०४ मध्ये एकही सामना न हरता प्रीमियर लीग ही इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकलेल्या या क्लबने त्यानंतर ते विजेतेपद पाहिले नव्हते, आणि प्रशिक्षक मिकेल आर्तेता यांच्या हाताखाली २०२२-२३ पासून सलग तीन मोसम तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला होता. २०२३-२४ मध्ये ३८ सामन्यांत ९१ गोल करणाऱ्या संघाचे गोल पुढच्या मोसमात ६९ वर आले, १४ सामने बरोबरीत सुटले आणि गुण ८९ वरून ७४ वर घसरले. जानेवारी २०२५ मध्ये आघाडीवर खेळणाऱ्या गाब्रिएल जेझुसच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, फेब्रुवारीत आघाडीच्याच काई हावर्ट्झच्या मांडीमागचा स्नायू दुखावला, आणि मूळचा मधल्या फळीतला मिकेल मेरिनो यालाच आघाडीवर उभे करण्याची वेळ आली. त्याने लेस्टरविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून दोन गोल केले हे खरे. तरीही मोसम संपला तेव्हा लीगमध्ये संघातर्फे सर्वाधिक गोल हावर्ट्झचेच होते आणि ते अवघे ९ होते, तर विजेत्या लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहने एकट्याने २९ गोल केले होते. जानेवारीत अ‍ॅस्टन व्हिलाच्या ऑली वॉटकिन्ससाठी केलेली विचारणा फेटाळली गेल्यानंतर क्लबने कोणालाच घेतले नव्हते, आणि तो सल समर्थकांच्या मनात होता.

त्यामागे आणखी जुन्या आठवणींचा साठा होता. २०१३ मध्ये आर्सेनलने लुईस सुआरेझसाठी ४ कोटी पाउंडांवर एक पाउंड देऊ केला, लिव्हरपूलने तो नाकारला आणि त्याच मोसमात सुआरेझने लीगमध्ये ३१ गोल केले. २०१६ मध्ये जेमी वार्डीने लेस्टर सोडण्यास नकार दिला, जानेवारी २०२२ मध्ये दुशान व्लाहोविच युव्हेंटसकडे गेला, आणि २०२४ मध्ये खुद्द शेश्कोने लाइपझिगशीच नवा करार केला. हातातून निसटलेल्या स्ट्रायकरांची ही मालिका ज्याला ठाऊक नाही त्याला २०२५ च्या वादातील अधीरता अवाजवी वाटेल. ज्याने ती वर्षे सोसली त्याला ती स्वाभाविक वाटते.

दोन्ही उमेदवारांचे चित्र एकमेकांपासून पुरेसे वेगळे होते. शेश्को नुकताच २२ वर्षांचा झालेला, १ मीटर ९५ सेंटीमीटर उंचीचा, दोन्ही पायांनी जोरदार फटका मारणारा आणि हवेत उंच झेप घेणारा. परंतु जर्मन लीगच्या आदल्या दोन मोसमांत त्याचे गोल १४ आणि १३ होते, म्हणजे त्याच्याकडे पाहायचे ते होऊ घातलेला खेळाडू म्हणून. ग्योकेरेस २७ वर्षांचा. ब्रायटनमध्ये त्याला जागा मिळाली नाही, तेथून तो इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतील कॉव्हेंट्रीत गेला, २०२२-२३ च्या मोसमात तेथे त्याने लीगमध्ये २१ गोल केले, आणि २०२३ मध्ये लिस्बनला पोहोचल्यावर दोन वर्षांत स्पोर्टिंगसाठी १०२ सामन्यांत ९७ गोल नोंदवले. त्यांतील ३९ गोल एकट्या २०२४-२५ च्या पोर्तुगीज लीगमधले होते. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत त्याने हॅटट्रिक साधली. मात्र त्याच महिन्यात आर्सेनलने लिस्बनमध्ये स्पोर्टिंगला ५-१ असे हरवले तेव्हा त्याला एकही गोल करता आला नव्हता, आणि शेश्कोच्या बाजूचे लोक या सामन्याचा दाखला हटकून देत.

पोर्तुगालमधील गोलाची इंग्लंडमध्ये किंमत काय, हा या वादातील सर्वाधिक चर्चिला गेलेला मुद्दा. त्या लीगमध्ये तीन-चार मोठे क्लब आणि बाकीचे यांच्यातील अंतर मोठे असल्यामुळे मोठ्या क्लबच्या स्ट्रायकरला संधी भरपूर मिळतात, असे आक्षेपकांचे म्हणणे होते. त्यांच्यापुढे उदाहरण होते दार्विन नुनेझचे : बेन्फिकासाठी २०२१-२२ मध्ये लीगचे २६ गोल करणाऱ्या या खेळाडूला लिव्हरपूलने प्रचंड रक्कम मोजून आणले आणि पुढील तीन मोसमांत त्याचे लीगमधील गोल अनुक्रमे ९, ११ आणि ५ भरले. त्याहून जुने उदाहरण ब्राझीलच्या मारिओ जार्देलचे, ज्याने २००१-०२ मध्ये स्पोर्टिंगसाठी लीगमध्ये ४२ गोल केले आणि २००३ मध्ये बोल्टनला आल्यावर लीगमध्ये एकही केला नाही. याचा प्रतिवाद करणारे म्हणत की ग्योकेरेस इंग्लंडला नवखा नाही, दुसऱ्या श्रेणीतील धसमुसळ्या बचावपटूंशी तो दोन वर्षे झुंजला आहे, आणि एखाद्या लीगमधून आलेले दोघे फसले म्हणून तिसराही फसेल हा तर्क टिकणारा नाही.

आकड्यांचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला, आणि त्यांत 'अपेक्षित गोल' ही संकल्पना वारंवार आली. एखादा फटका ज्या जागेवरून, ज्या कोनातून आणि ज्या परिस्थितीत मारला गेला तशा हजारो फटक्यांपैकी किती गोलात गेले, यावरून त्या फटक्याला शून्य ते एक यांमधील एक मूल्य देतात, आणि खेळाडूच्या साऱ्या फटक्यांच्या मूल्यांची बेरीज म्हणजे त्याचे अपेक्षित गोल. पेनल्टीचे मूल्य साधारण पाऊण गोलाइतके असल्यामुळे ती मारणाऱ्या खेळाडूची एकूण बेरीज फुगते. म्हणून जाणकार समर्थक पेनल्टी वगळून हिशेब मांडतात, आणि ग्योकेरेसच्या गोलांत पेनल्टींचा वाटा चांगलाच असल्याने ही वजाबाकी त्याच्या समर्थकांना खटकत असे. सामान्य प्रेक्षक अशा हिशेबात इतका पारंगत झाला आहे ही गोष्ट कौतुकाची आहे, परंतु या मापाची मर्यादाही तितकीच खरी : स्ट्रायकरने मारलेले फटके त्यात मोजले जातात, त्याने बचावपटूला ओढून नेल्यामुळे दुसऱ्याला जी मोकळी जागा मिळाली तिची नोंद त्यात होत नाही.

वादाचा गाभा येथे आहे. आर्सेनलविरुद्ध खेळणारे बहुतेक संघ आपले सारे खेळाडू स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राजवळ दाटीने उभे करतात, ज्याला लो ब्लॉक म्हणतात, आणि अशा वेळी पुढे धावायला मोकळी जागाच उरत नाही. यावर आर्तेता यांचे जुने उत्तर हावर्ट्झ हे होते : पुढे न रेंगाळता तो मागे सरकून चेंडू घेई, पाठीवर बचावपटूचा भार पेलत तो चेंडू ओडेगार्ड किंवा साका या सहकाऱ्यांकडे सोपवी आणि मग पेनल्टी क्षेत्रात शिरे. ग्योकेरेसचे बळ याच्या उलट दिशेचे, म्हणजे बचावपटूंच्या मधल्या आणि बाजूच्या फटींत जोराने धावत जाऊन चेंडू स्वतः पुढे नेण्याचे. तो आला तर संघाला चेंडू लवकर पुढे पाठवावा लागेल, सावकाश पास देत विणलेला खेळ काही प्रमाणात सोडावा लागेल. शेश्को या विणीत अधिक सहज बसेल असे त्याच्या बाजूच्यांना वाटे, तर ती वीणच तीन वर्षे दुसऱ्या क्रमांकाशी थांबली आहे, असे ग्योकेरेसच्या बाजूचे म्हणत.

'किती गोल करतो' हा प्रश्न एकट्याने पुरेसा नाही, हे आर्सेनलचाच इतिहास दाखवतो. पिएर-एमरिक ऑबामेयांगने २०१८-१९ आणि २०१९-२० या दोन्ही मोसमांत लीगचे प्रत्येकी २२ गोल केले, आणि संघ पहिल्या खेपेस पाचवा, दुसऱ्या खेपेस आठवा आला. उलट ज्या मोसमात नाव घ्यावे असा स्ट्रायकर नव्हता त्याच २०२३-२४ मध्ये ९१ गोल झाले. मँचेस्टर सिटीचे उदाहरण आणखी बोलके आहे. २०२१-२२ मध्ये अस्सल स्ट्रायकरविना ९९ गोल करून लीग जिंकलेल्या त्या संघात अर्लिंग हालांड आला, त्याने एकट्याने ३६ गोल केले, संघाचे एकूण गोल मात्र ९४ झाले, म्हणजे कमीच. तरीही त्याच मोसमात सिटीने लीग, एफए कप आणि आजवर हुलकावणी दिलेली चॅम्पियन्स लीग असे तिहेरी यश मिळवले. चांगला स्ट्रायकर संघाच्या गोलांत भर घालतोच असे नाही. चुरशीच्या सामन्यात बाकीचे सारे मार्ग बंद झाले असता तो एक मार्ग उघडतो. हे ध्यानात घेतले तर २७ वर्षांच्या, तयार खेळाडूची बाजू त्या वेळी अधिक वजनदार होती, असेच म्हणावे लागते, कारण आर्सेनलला गरज होती ती त्याच वर्षी.

पैशाचा हिशेब मात्र शेश्कोच्या बाजूने झुकत होता. क्लब खेळाडूची किंमत जमाखर्चात एकदम न दाखवता कराराच्या वर्षांवर वाटून दाखवतो, म्हणजे सुमारे ६ कोटी ३५ लाख युरोंचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर दरवर्षी १ कोटी २७ लाख युरो खर्ची पडतात. आणि प्रीमियर लीगच्या त्या वेळच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाख पाउंडांपेक्षा अधिक तोटा चालत नसल्यामुळे ही वार्षिक रक्कम महत्त्वाची ठरत होती. २२ वर्षांचा खेळाडू करार संपत येईल तेव्हाही विकता येण्याजोगा असतो, २७ वर्षांचा तेव्हा बत्तिशीत पोहोचलेला असतो.

समर्थक हा सगळा हिशेब इतक्या तळमळीने का मांडतात, याचे उत्तर मालकीच्या इतिहासात सापडते. एके काळी आर्सेनलचे थोडे का होईना समभाग सामान्य समर्थकांच्या हाती होते आणि वार्षिक सभेत ते संचालकांना प्रश्न विचारू शकत. २०१८ मध्ये अमेरिकी उद्योगपती स्टॅन क्रोन्के यांनी दुसरे मोठे भागधारक अलिशेर उस्मानोव्ह यांचा हिस्सा विकत घेतल्यानंतर उरलेले छोटे समभागही कायद्यानुसार सक्तीने घेतले गेले. जर्मनीत बहुतांश क्लबांच्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मते सभासदांकडे राहतात, तशी सोय इंग्लंडमध्ये नाही. ज्याच्याकडे मत नाही, परंतु ज्याचे पैसे, वेळ आणि निष्ठा त्या क्लबमध्ये गुंतलेली आहे, त्याच्याकडे युक्तिवाद तेवढा उरतो, आणि तो त्याने गांभीर्याने करावा यात गैर काही नाही. चॅम्पियन्स लीगसाठी मध्यरात्रीनंतर जागणारे मुंबई-पुण्यातील समर्थकही याच नात्याने त्यात सामील होतात. त्यांचे अंतर अधिक आहे, अधिकार मात्र क्लबच्या एमिरेट्स स्टेडियममध्ये बसणाऱ्यांइतकेच, म्हणजे औपचारिकदृष्ट्या शून्य.

शेवटी निर्णय मार्च २०२५ मध्ये आलेले क्रीडा संचालक आंद्रेआ बेर्ता आणि आर्तेता यांनी घेतला. स्पोर्टिंगच्या अध्यक्षांनी खेळाडूला कमी रकमेत सोडण्याचे वचन दिल्याचा जाहीर इन्कार केला, ग्योकेरेस मोसमापूर्वीच्या सरावाला गेलाच नाही, आणि २६ जुलैला त्याच्या आगमनाची घोषणा झाली. एके काळी क्लबच्या थिएरी ऑन्री या गाजलेल्या स्ट्रायकरच्या अंगावर असलेला १४ क्रमांक त्याला मिळाला. शेश्को ऑगस्टमध्ये सुमारे ७ कोटी ६५ लाख युरोंना मँचेस्टर युनायटेडकडे गेला. १७ ऑगस्टला दोन्ही क्लब युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर समोरासमोर आले तेव्हा ग्योकेरेस तासाभराने एकही फटका न मारता बाहेर गेला, त्यानंतर थोड्याच वेळात शेश्को आत आला, आणि सामना जिंकून दिला तो बचावपटू रिकार्डो कालाफिओरीच्या गोलाने. सहा दिवसांनी लीड्सविरुद्ध ग्योकेरेसने दोन गोल केले, ऑक्टोबरात अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्ध आणखी दोन; मधल्या गोलविरहित सामन्यांत, तो बचावपटूंना गुंतवून ठेवतो म्हणून इतरांना वाट मिळते की तो खेळातच नसतो, यावर पुन्हा दोन पक्ष पडले. १ नोव्हेंबरला बर्नलीविरुद्ध गोल केल्यावर तो स्नायूच्या दुखापतीने बाहेर गेला. हावर्ट्झ आणि जेझुस आधीच जायबंदी होते, आणि तीन दिवसांनी प्रागमध्ये स्लाव्हियाविरुद्ध आघाडीवर उभा राहून दोन गोल केले ते मेरिनोने.