मालाची वाट : रूळ, रस्ता की खाडी?

मीरा रोडच्या व्यापारी व कारागीर बंधूंकडून एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो : माल तयार असतो, पण वेळेवर पोहोचत नाही. वाट चुकली की नफा भाड्यात आणि खोळंब्यात जातो. म्हणून आपल्यापुढे असलेल्या तीन वाटा नीट समजून घेऊ.

पहिली वाट रुळांची. आपले स्टेशन चर्चगेट-विरार मार्गावर आहे. क्रॉफर्ड मार्केटमधून एक-दोन गाठोडी आणायची असतील, तर मरीन लाइन्सहून लोकलचा मालडबा स्वस्त पडतो आणि वेळेचा अंदाजही बांधता येतो. वजनाचा नियम विचारून लगेजचे तिकीट मात्र काढावे, नाहीतर वाचलेले पैसे दंडात जातात.

दुसरी वाट रस्त्याची. काशीमिऱ्याच्या पुढे घोडबंदरजवळ दोन फाटे होतात. अहमदाबाद हमरस्ता वर्सोवा पुलावरून वसई व गुजरातकडे जातो. २०१६ साली जुन्या पुलाच्या दुरुस्तीसाठी जड वाहने बंद झाली, तेव्हा एकाच पुलावर विसंबण्याची किंमत सर्वांना कळली. २०२३ मध्ये नवा पूल खुला झाला. दुसरा फाटा ठाण्याकडे जातो. भिवंडीचे कापड त्याच वाटेने येते, पण गायमुखच्या चढावर गाडी तासन्‌तास अडकू शकते. अशा वेळी कामण-चिंचोटीची वाट विचारात घ्यावी. जड वाहनांना बंदी असलेल्या वेळाही आधी पाहाव्यात. दहिसर नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल माफ आहे, जड वाहनांना नाही.

तिसरी वाट खाडीची. घोडबंदरला पूर्वी अरबी घोडे उतरत, म्हणून ते नाव पडले असे सांगतात. म्हणजे ही वाट आपल्याला नवी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने सुमारे ३८ किलोमीटरचा वळसा पडतो, तर पाण्यातून जेमतेम साडेतीन किलोमीटर. दुचाकी, रिक्षा, मोटार बोटीवर चढते. फेऱ्यांच्या वेळा व मालगाडीचा दर जेट्टीवर विचारूनच निघावे.

आता हिशेब पाहू. समजा, एका वाटेने टेम्पोचे भाडे ३०० रुपये कमी पडले. पण कच्चा माल उशिरा आल्याने चार कारागीर अर्धा दिवस बसून राहिले, तर त्यांची मजुरी त्या बचतीहून जास्त होते. भाडे, टोल, हमाली आणि वाया गेलेला वेळ असे चारही आकडे वहीत मांडावेत. मगच वाट ठरवावी.