प्रिंटर दिसेनासा होतो तेव्हा

मुलीच्या परीक्षेचे प्रवेशपत्र छापावयाचे असते, आणि नेमका त्याच वेळी प्रिंटर ‘ऑफलाइन’ असल्याचे संगणक सांगतो. वाय-फाय तर उत्तम चालू असते! आपण यंत्राला दोष देतो. पण घरात मेश जाळे असेल, तर दोष पुष्कळदा जोडणीत असतो.

मेशची दोन-तीन केंद्रे एकाच नावाने २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन्ही लहरी पसरवितात. बहुतेक साध्या घरगुती प्रिंटरांना मात्र २.४ चीच लहर कळते. म्हणून जोडणी करताना ५ ची लहर थोडा वेळ बंद ठेवावी. पुष्कळ मेशच्या ॲपमध्ये तशी सोय असते. नंतर ती खुशाल सुरू करावी. पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नावावर प्रिंटर जोडू नये. तेथील उपकरणे सहसा एकमेकांना दिसत नाहीत.

इतके करूनही चार दिवसांनी प्रिंटर पुन्हा हरवला, तर त्याचा पत्ता तपासावा. राउटर प्रत्येक उपकरणास ठराविक मुदतीपुरता आयपी पत्ता देतो. तो बदलला, तरी संगणक कित्येकदा जुन्याच दारावर थाप मारीत राहतो! यास्तव राउटरच्या ॲपमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवावा, प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि संगणकावरील जुनी नोंद काढून तो नव्याने जोडावा.