बेणारेबाईंच्या पर्समध्ये काय होतं?

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पहिल्यांदा पाहताना लीला बेणारे गरोदर आहे हे बऱ्याच उशिरा ध्यानात येतं. दुसऱ्यांदा पाहा. विजय तेंडुलकरांनी ते पहिल्याच अंकात जागोजागी पेरलेलं आहे. बाईंच्या हसण्या-खिदळण्यात आपण गुंतलो, म्हणून ते निसटलं.

नाटक रंगायननं 1967मध्ये रंगमंचावर आणलं, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं. 1971मध्ये सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपट केला. छायाचित्रकार गोविंद निहलानी, आणि अमोल पालेकर यांचं पडद्यावरचं पदार्पणही यातच. बेणारे दोन्हीकडे सुलभा देशपांडेच. त्या स्वतः दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, हे ठाऊक असलं की बेणारेचं वर्गातल्या मुलांबद्दलचं बोलणं आणखी जिवंत वाटतं.

आता खुणा पाहू. पहिली दाराच्या कडीची. गावातल्या रिकाम्या हॉलमध्ये शिरताना बेणारेचं बोट कडीत चिमटतं. पुढे नाटकमंडळीतल्या सोबत्यांनी खेळ म्हणून तिच्यावर चालवलेला खटला अंगावर येतो, ती निघून जाऊ पाहते, तेव्हा त्याच दाराची बाहेरची कडी लागलेली असते. दुसरी खूण नोकरीची. मुलांची लाडकी, वेळेची पक्की, असं स्वतःबद्दल सांगता सांगता शाळेत आपल्याविरुद्ध चौकशी चालू असल्याचंही ती बोलून जाते. कशाबद्दल, ते सांगत नाही. नाटक सुरू होऊन काही मिनिटंच झालेली असतात!

तिसरी खूण सामंतची. या गावकऱ्याच्या हातात एक हिरवा कापडी पोपट आहे. पुतण्यासाठी घेतलेला. खेळणं म्हणून आपण सोडून देतो. पुढे बेणारे चिमणी-पोपटाचं बालगीत म्हणते, आणि त्यातल्या चिमणीचं घरटं कुणीतरी पळवलेलं असतं. शेवटी सगळे उठून जातात, बेणारे निपचित पडलेली असते, तेव्हा सामंत तो पोपट हळूच तिच्याजवळ ठेवतो. अख्ख्या नाटकात बाळासाठी म्हणून आलेली ही एकच वस्तू. तीही दुसऱ्याच्या बाळासाठी घेतलेली.

आणि पर्स. तिच्यात टिक-20ची बाटली आहे. ढेकूण मारायचं जालीम औषध, त्या काळातल्या मुंबईत घरोघरी माहीत असलेलं. मंडळीतला पोंक्षे खटल्यातल्या साक्षीत हे सांगतो, शिवाय तिनं एका अडचणीतल्या बाईचं स्थळ त्याला सुचवलं होतं, हेही. ती बाई म्हणजे बेणारे स्वतःच. पोटातल्या बाळाला बाप मिळावा म्हणून ती वणवण फिरत होती, हे साक्षी एकत्र लावल्या की स्पष्ट होतं. ज्यांनी जबाबदारी घ्यायची ते प्राध्यापक दामले नाटकात एकदाही येत नाहीत.

पोटातल्या जिवाची चाहूल आडून सांगणं ही कलेतली जुनी रीत. अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यात बुद्धमाता मायादेवीचं स्वप्न रंगवलेलं आहे. तिबेटी लोकांच्या आचे ल्हामो या संगीतनाट्याच्या परंपरेत नांग्सा ओबुमची कथा आहे. तिच्यातही उतारवयापर्यंत मूल नसलेल्या जोडप्याला मुलीची चाहूल लागते ती आईच्या स्वप्नातून. तिथे स्वप्न आनंदाची वर्दी देतं. बेणारेच्या वाट्याला विषाची बाटली येते, कारण तिचा गर्भ लग्नाबाहेरचा आहे.

माझ्या मते नाटकाचं मर्म मात्र मंडळीतल्या काशीकर जोडप्यात आहे. त्यांना मूल नाही. बाळू रोकडेला त्यांनी पोसलंय आणि दिवसभर राबवलंय, हे बेणारेच पहिल्या अंकात थट्टेनं सांगते. एकमेकांसाठी गजरा आणि बुशशर्ट घेण्याचा त्यांचा जाहीर सोहळा पाहा. प्रेमाइतकीच त्यात घरातली पोकळी झाकायची धडपड आहे. नंतर खटल्यात न्यायाधीश झालेले काशीकर मातृत्वाच्या पावित्र्यावर बोलतात, बालविवाहाची चाल पुन्हा आणावी म्हणतात, आणि मिसेस काशीकर बेणारेच्या बिनलग्नाच्या वयावर तुटून पडतात. जे आपल्याला मिळालं नाही ते हिला, तेही लग्नाशिवाय, हा सल त्या त्वेषात मला ऐकू येतो. तेंडुलकर तसं कुठे लिहीत नाहीत. पण थट्टा करणारीवरच खटला उभा राहतो, हा योगायोग नाही.

कायद्याची एक गंमतही आहे. या लुटुपुटीच्या कोर्टात भ्रूणहत्येचा आरोप कलम 302खाली ठेवला जातो. भारतीय दंडविधानात ते खुनाचं कलम. गर्भपाताची कलमं 312पासून पुढे होती. चित्रपट आला त्याच 1971मध्ये संसदेनं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला आणि 1 एप्रिल 1972पासून तो लागू झाला. काशीकरांचं कोर्ट मात्र भ्रूणहत्येचा आरोप ठेवतं आणि निकालात पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा देतं. आरोप आणि शिक्षा एकच!

चित्रपट मिळाला तर उत्तमच. नाही तर नाटकाचं पुस्तक काढा, हातात पेन्सिल घ्या आणि फक्त पहिला अंक पुन्हा वाचा. मी सांगितलेल्याहून जास्त खुणा तुम्हाला सापडतील.