मनोरमेचे धर्मशिक्षण

मुलांना धर्म शिकवावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. कारण तो शिकविला जात असतो हेच मुळी कोणाच्या ध्यानात येत नाही. आजीच्या मांडीवर ऐकलेल्या कथा, दिवेलागणीची शुभंकरोती, जात्यावरच्या ओव्या, सणावारांचे गोडधोड ह्यांतून धर्म मुलाच्या अंगी मुरत जातो. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ज्या कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्यांना मात्र ही सोय नव्हती. आईबाप नव्या श्रद्धेचे, आजीआजोबा जुन्या श्रद्धेचे आणि बहुधा दुरावलेले! नव्या धर्माची आजी मुलाच्या वाट्याला येत नव्हती. ती रिकामी जागा कोणी भरावी हा प्रश्न पंडिता रमाबाई व त्यांची कन्या मनोरमा ह्यांच्या चरित्रात जितका लख्ख दिसतो, तितका तो अन्यत्र क्वचितच आढळेल.

रमाबाईंना आईच्या मुखातून धर्म मिळणे म्हणजे काय, हे पुरते ठाऊक होते. 1858 साली गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी पत्नीला संस्कृत शिकविले होते, आणि त्या माउलीने पहाटेच्या अंधारात मुलीला जवळ घेऊन भागवताचे श्लोक मुखोद्गत करविले. पुढे त्या श्रद्धेपासून रमाबाई दूर गेल्या. परंतु शिकविण्याची ती रीत त्यांच्या मनातून गेली नाही.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. पतीचे निधन आदल्याच वर्षी झालेले. बरोबर होती ती एप्रिल 1881 मध्ये जन्मलेली मनोरमा. वॉन्टेज येथील ज्या ख्रिस्ती भगिनीमंडळाच्या आश्रयास मायलेकी राहिल्या, त्याच्या काही भगिनींची ओळख पुण्यातच झाली होती. 29 सप्टेंबर 1883 रोजी दोघींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन ह्या वडीलधाऱ्या भगिनीला रमाबाई पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. घरात आजी नाही, तेथे हा शब्द सहज आला असेल. पण त्या शब्दाबरोबर आजीचे अधिकारही जातात की काय, ह्यावरून लवकरच खटके उडू लागले.

रमाबाई चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात अध्ययन व अध्यापन करीत, आणि मूल पुष्कळ काळ वॉन्टेजला भगिनींपाशी असे. भगिनींची भूमिका सरळ होती: बाप्तिस्मा झाला म्हणजे बालक चर्चच्या कुटुंबातले झाले, तेव्हा चर्चची सर्व मते त्याला लहानपणापासून शिकविली पाहिजेत. रमाबाईंना हे मान्य नव्हते. देवावर प्रेम करावे, ख्रिस्ताचे चरित्र ऐकावे, प्रार्थना करावी, हे सारे मुलीला शिकविण्यास त्यांची हरकत नव्हती. नव्हे, ते त्यांना हवेच होते. परंतु त्रैक्यासारखा जो सिद्धांत आईच्याच बुद्धीला अद्याप पटलेला नाही, तो तिच्या मुलीच्या तोंडी घालू नये, असे त्यांनी स्पष्ट कळविले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असाही त्यांचा प्रश्न होता. भगिनींना ह्यात अहंकार दिसला. वस्तुतः प्रश्न अक्षरांचा नव्हताच. मुलगी ख्रिस्ती व्हावी. मात्र आपल्या देशातील माणसांत ती परकी होऊ नये, भारताची लेक म्हणवून घेताना तिला लाज वाटू नये, ही त्या आईची तळमळ होती.

ह्या वादात भगिनींची बाजू अगदीच पोकळ होती असे मात्र म्हणता येत नाही. मूल रोज ज्या घरात उठते-बसते तेथील प्रार्थना त्याच्या कानांवर पडणारच. ‘मोठे झाल्यावर तुझे तू ठरव’ म्हणून त्याला काहीच न देणे हीसुद्धा एक शिकवणच होय. धर्म ही गोष्ट बिनमहत्त्वाची आहे, एवढे त्यातून मूल शिकते. रमाबाई असे म्हणत नव्हत्या. आईच्या ठायी जेवढी श्रद्धा खरी आहे तेवढीच मुलाला द्यावी, उसनी देऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

हाच प्रश्न पुढे उलटून त्यांच्यापुढे उभा राहिला. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. तेथे विधवा मुलींना धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, ज्याचा त्याचा आचार पाळू द्यावयाचा, असा नियम होता. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन प्रार्थना करीत. दार उघडेच असे. हळूहळू काही मुली येऊन बसू लागल्या. पालक संतापले, वृत्तपत्रांतून टीकेचा भडिमार झाला, आणि 1893 साली रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागारपदाचे राजीनामे दिले. अनेक मुलींना पालकांनी काढून नेले. आपण कोणाला बोलाविले नाही आणि येणाऱ्याला हाकलणारही नाही, हे रमाबाईंचे उत्तर प्रामाणिक होते. तरीही, आपल्या मुलीच्या बाबतीत जो हक्क त्यांनी वॉन्टेजच्या भगिनींपाशी मागितला, तोच हक्क हे पालक त्यांच्यापाशी मागत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

भाषेच्या अडचणीवर तोडगा काढला तो नारायण वामन टिळकांनी. 1895 साली ते ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या देवदत्तासह काही वर्षे दूर राहिल्या आणि 1900 साली स्वतःच्या विचाराने त्या धर्मात आल्या. टिळकांनी अभंगाच्या छंदात ख्रिस्ताची गाणी रचली. ‘बालबोधमेवा’ ह्या मुलांच्या मासिकाचे संपादनही केले. नगरच्या मुलाला प्रार्थनेसाठी परक्या चालीवर बेतलेले शब्द घोकण्याची गरज राहिली नाही. आजी नव्हती तेथे निदान आजीची चाल तरी आली.

मनोरमेचे काय झाले? वॉन्टेजच्या भगिनींच्या हाताखाली वाढलेली ही मुलगी इंग्लंडात राहिली नाही. शिक्षण पुरे करून ती आईच्या कार्यात शिरली, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिचा उजवा हात झाली, आणि गुलबर्ग्यास तिने मुलींची शाळा चालविली. आई मात्र उतारवयात एका प्रचंड उद्योगात गढली होती. रूढ मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या बायकामुलांना कळत नाही, म्हणून हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी सबंध ग्रंथाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. मनोरमा 1921 साली वारली. आठ-नऊ महिन्यांनी, एप्रिल 1922 मध्ये रमाबाईही गेल्या. ते बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. त्याची छपाई केडगावलाच, मुक्तीच्या छापखान्यात, तेथल्याच मुलींच्या हातून झाली.