सर्व्हो मोटार घेण्याआधी मशीनचा आटा तपासा

सुप्याच्या जिरायत पट्ट्यात केवळ शेतीवर घर चालणे कठीण. म्हणून आमच्या बांधवांची मुले वर्कशॉपकडे वळतात. बारामती एम.आय.डी.सी.तील कारखान्यांना सुटे भाग पुरवावेत, अशी त्यांची उमेद असते. त्यासाठी हाताने चालणारे लहान मिलिंग मशीन कॉम्प्युटरवर चालवायचे, तर मोटारींचा किट लागतो. या खरेदीत आम्ही ठेच खाल्ली आहे, म्हणून हे चार शब्द.

आमच्या पुतण्याने प्रथम स्वस्तातला स्टेपर मोटारींचा किट बसवला. व्यवहार मुदारबतचा होता : भांडवल आमचे, मेहनत त्याची, नफा ठरल्याप्रमाणे वाटायचा आणि तोटा भांडवलावर. एके दिवशी कटर अडकला आणि मोटारीचे काही टप्पे चुकले. कंट्रोलरला त्याचा पत्ताच नाही. पुढची सारी भोके सरकलेल्या जागी पडली. चोवीस फ्लँज भंगारात गेले, तोटा आमच्या पदरी आला.

साधी स्टेपर मोटार म्हणजे हुकूम सोडून हजेरी न घेणारा मुकादम. सर्व्होच्या मागे एन्कोडर असतो. मोटार खरोखर किती फिरली, हे तो ड्राइव्हला सतत कळवतो. फरक मर्यादेबाहेर गेला की ड्राइव्ह अलार्म देऊन थांबतो. मात्र अलार्मची ती तार कंट्रोलरला जोडलीच पाहिजे, नाहीतर एक अक्ष थांबेल आणि बाकीचे चालतच राहतील.

आम्ही कापडाचे व्यापारी. आम्ही त्याला म्हणालो, "शिलाई मशीनची सर्व्हो मोटार बाजारात स्वस्त मिळते, तीच लाव." तो हसला. "चाचा, ती वेग सांभाळते आणि सुई थांबवते. मला टेबलाची जागा सांभाळणारी हवी." नाव एक, काम वेगळे. खरेदीला जाताना हे ध्यानात ठेवावे.

आता हिशेब. 400 वॅटची ए.सी. सर्व्हो 3000 फेऱ्यांना साधारण 1.27 न्यूटन-मीटर जोर देते, क्षणभर त्याच्या सुमारे तिप्पट. बॉलस्क्रूची चाल 5 मिलिमीटर असेल, तर टेबलावर सुमारे 140 किलोचा रेटा मिळतो. लहान मशीनला हा पुरेसा आहे. दात्यांच्या पट्ट्याने 2:1 गती कमी केली, तर रेटा जवळपास दुप्पट होतो आणि वेग मिनिटाला 15 मीटरवरून 7.5 मीटरवर येतो. तोही लहान मशीनला भरपूर.

कंट्रोलरही जुळला पाहिजे. फेरीमागे 10,000 पल्स ठेवले, तर 3000 फेऱ्यांना सेकंदाला 5 लाख पल्स लागतात. जुन्या कॉम्प्युटरचा पॅरलल पोर्ट 25 हजारांच्या आसपासच दम टाकतो. ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअरची सोय असेल, तर फेरीमागे 1000 पल्स ठेवून काम निभते.

उभ्या अक्षाची मोटार ब्रेकचीच घ्यावी. वीज गेली की मोटारीचा जोर जातो आणि जड डोके खाली येऊन जॉब, कटर, प्रसंगी हातही जायबंदी होतो. ड्राइव्ह सिंगल फेजवर चालतो का, हे विचारावे. अर्थिंग, लिमिट स्विच आणि इमर्जन्सी स्टॉप यांत काटकसर नको. पक्के जी.एस.टी. बिल घ्यावे. एन्कोडरची केबल सुटी मिळते का, तेही आधीच पाहावे.

हा प्रयोग नवा नाही. 1952 साली अमेरिकेतील एम.आय.टी.ने पहिले संख्यानियंत्रित मिलिंग मशीन दाखवले, तेही तयार मशीनमध्ये फेरफार करूनच.

पण सर्वांत मोठी गोष्ट मोटारीत नाही. आम्ही पुतण्याला डायल गेज लावून टेबल मागेपुढे करायला सांगितले. जुन्या स्क्रूच्या आट्यात 0.20 मिलिमीटर ढिलाई निघाली. मोटारीमागचा एन्कोडर मोटारीची फेरी मोजतो, टेबलाची जागा नव्हे. ही ढिलाई त्याला दिसतच नाही. कितीही महाग सर्व्हो लावली असती, तरी माल नापासच झाला असता.

म्हणून या वेळी भांडवलाचा पहिला हप्ता आम्ही बॉलस्क्रूसाठी दिला. डायल गेजचा काटा ठिकाणावर आला की मोटारींचे पैसे देऊ, इन्शाअल्लाह.