फुलंब्री : नुसती ओळख पुरत नाही

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड-अजिंठ्याकडे जाताना चौका मागे पडले की फुलंब्री लागते. मका, कापूस आणि अद्रक पिकवणाऱ्या टापूतले हे तालुक्याचे गाव. लेण्यांच्या ओढीने निघालेला प्रवासी इथे सहसा थांबत नाही. पण वेगवेगळ्या जातींची, धर्मांची आणि पक्षांची माणसे एकत्र कशी नांदतात, हा प्रश्न ज्याला पडला आहे त्याने इथे जरूर थांबावे. फुलंब्री आता पुरते खेडे राहिलेली नाही आणि शहरही झालेली नाही. कारभार नगरपंचायतीकडे आला आहे आणि महानगर हाकेच्या अंतरावर आहे. अशा गावात सलोखा वारशाने टिकत नाही, तो संस्थांमधून घडवावा लागतो.

‘आमच्याकडे सगळे एकमेकांना ओळखतात, मग संस्था कशाला?’ असा आक्षेप लगेच येईल. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 च्या ग्रंथात सहा भारतीय शहरांचा अभ्यास मांडला. खेड्यात रोजची ओळख दंगल रोखायला पुरते. शहरात मात्र हिंदू-मुस्लिमांचा एकत्र सहभाग असलेल्या संघटना लागतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो मान्य केला तरी फुलंब्रीसारख्या वाढत्या गावाला संस्थांची गरज उरतेच. शिवाय जातीच्या बाबतीत मराठवाड्याचा अनुभव याहून कठोर आहे. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि मराठवाड्यातल्या अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. हल्लेखोर आणि पीडित एकमेकांना अनोळखी नव्हते. नामविस्तारासाठी 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. ज्या ओळखीत एकाने नेहमी मान खाली घालायची असते, ती शांतता देते, सलोखा देत नाही.

दुसरा आक्षेप राजकारणाबद्दल आहे : निवडणुका गाव फोडतात, तेव्हा बिनविरोध बरे. फुलंब्री मतदारसंघाचा इतिहास वेगळे सांगतो. 2009 मध्ये इथून काँग्रेसचे कल्याण काळे निवडून आले. 2014 आणि 2019 मध्ये भाजपचे हरिभाऊ बागडे जिंकले. पहिल्या विजयानंतर ते विधानसभा अध्यक्ष झाले आणि पुढे राजस्थानचे राज्यपाल. 2024 च्या उन्हाळ्यात, फुलंब्री ज्यात येते त्या जालना लोकसभा मतदारसंघाने काळेंना दिल्लीला पाठवले, तर नोव्हेंबरमध्ये विधानसभेला फुलंब्रीने भाजपच्या अनुराधा चव्हाण यांना निवडले. पारडे असे फिरते तेव्हा कोणताही गट कायमचा जिंकलेला किंवा कायमचा हरलेला राहत नाही, आणि आज हरलेल्याला उद्याची आशा असते. याउलट बिनविरोधाच्या नावाखाली काय चालू शकते, हे नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे येथे सरपंचपदाचा लिलाव झाल्यावर 2021 मध्ये राज्य निवडणूक आयोगाला निवडणूक रद्द करावी लागली, तेव्हा दिसले. पैठणच्या एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’तही दोघे आधी कडाक्याचे भांडतात, मग समेट होतो. वाद टाळून आलेला समेट तकलादू असतो.

मतपेटीने मात्र सगळे भागत नाही, हे मान्यच केले पाहिजे. आरक्षणाच्या आंदोलनांनी अलीकडे मराठवाड्यात मराठा आणि ओबीसी शेजाऱ्यांमध्येही दुरावा आणला. म्हणून निवडणुकीनंतरची पाच वर्षे महत्त्वाची ठरतात. नगरपंचायतीत महिला, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीयांसाठी जागा राखीव आहेत. त्या जागांवर बसलेल्यांच्या हाती खरा निर्णय यायला हवा, नाहीतर आरक्षण कागदावरच राहते. पाणी कोणत्या वस्तीला किती वेळ मिळणार, बाजार समितीत मालाचे वजन आणि भाव कसे ठरणार, शाळेच्या समितीवर कोण बसणार, याचे नियम सर्वांसमोर आणि सर्वांसाठी सारखे हवेत. ज्या पालिकेत विरोधी नगरसेवकाच्या प्रभागातली गळती सत्ताधाऱ्याच्या गळतीइतक्याच लवकर दुरुस्त होते, तिथल्या नागरिकाला दाद मागण्यासाठी आपल्या जातीच्या किंवा धर्माच्या झेंड्याखाली जावे लागत नाही. फुलंब्रीसारख्या गावांनी हा शिरस्ता आत्ताच, गाव अजून आवाक्यात असतानाच पाडावा. शहर झाल्यावर तो पाडणे कितीतरी अवघड असेल.