बी तेच, जमीन बदललेली

ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा चिवट कर्करोग. शस्त्रक्रियेनंतर सहाएक आठवड्यांत मिळून ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) किरणोपचार देतात. तरी गाठ परतते, तीही बहुतेकदा किरण दिलेल्या जागीच. दोष उरलेल्या पेशींचाच का? अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात उंदरांच्या अर्ध्या मेंदूला किरण दिले आणि सहा आठवड्यांनी तिथे गाठीच्या पेशी टोचल्या. या पेशींना किरणांचा स्पर्शही झालेला नव्हता. तरीही किरण न दिलेल्या उंदरांपेक्षा गाठ इथे जास्त आक्रमक झाली! किरणांनी मेंदूतल्या मायक्रोग्लिया, अ‍ॅस्ट्रोसाइट या आधारपेशी आणि रक्तवाहिन्या बदलतात, दाह रेंगाळतो. अर्थात हे उंदरांमधले निष्कर्ष. माणसांत किरणोपचाराने आयुष्य वाढते हे सिद्ध झालेले आहे, तेव्हा हे वाचून कुणी उपचार थांबवू नयेत.